मधला अडत्या आणि काळा पडलेला पडदा

दुकान वाढवून मंडळी घरी परतली, की अनेक कुटुंबांत दिवाणखान्यातील मोठा टीव्ही हा संगणकाचा दुसरा पडदा होतो. परगावी दिलेली लेक आणि नातवंडे त्यावर भेटतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे स्थानकाच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या आजींना घरबसल्या प्रवचन ऐकता येते. वर्षअखेरीस खात्यांचे लांबलचक तक्तेही मोठ्या अक्षरांत तपासता येतात. आवाज चांगला यावा म्हणून संगणकाची एचडीएमआय केबल थेट टीव्हीला न लावता होम थिएटरच्या रिसीव्हरमधून नेलेली असते. ही रचना महिनोन्महिने निमूटपणे चालते आणि एके दिवशी, लेकीचा फोन येण्याच्या वेळीच, पडदा काळा पडतो. ‘नो सिग्नल’ एवढी अक्षरे तेवढी उरतात.

मग ठरलेला क्रम सुरू होतो. केबल काढून पुन्हा खोचली जाते. नवी केबल आणली जाते. कोणी तरी ‘रिसीव्हर गेला’ असा निर्वाळा देतो आणि नव्या यंत्राची किंमत विचारली जाते. वास्तविक अशा प्रसंगी पुष्कळदा तिन्ही यंत्रे धडधाकट असतात. अडलेला असतो तो त्यांच्यातील व्यवहार.

रिसीव्हर ही नुसती नळी नव्हे

एचडीएमआय पद्धतीचा पहिला आराखडा २००२ च्या अखेरीस जाहीर झाला. या तारेतून चित्र आणि आवाज तर जातातच, शिवाय यंत्रांचे आपसांतील बोलणेही चालते. आपण किती बारकाईचे चित्र दाखवू शकतो, हे टीव्ही एका छोट्या माहितीपत्रकाद्वारे कळवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. ते वाचून संगणक कोणते चित्र पाठवावे हे ठरवतो.

मध्ये रिसीव्हर आला, की हे बोलणे त्याच्यामार्फत होते. बाजारातील अडत्या जसा घेणाऱ्याची गरज विकणाऱ्याच्या कानी घालतो, तसा रिसीव्हर टीव्हीचे माहितीपत्रक वाचतो, त्यात आपल्या आवाजाची क्षमता जोडतो आणि ते संगणकाला देतो. म्हणूनच संगणकाच्या यादीत कित्येकदा टीव्हीऐवजी रिसीव्हरचे नाव दिसते. अडत्या झोपलेला असेल, उशिरा जागा झाला असेल किंवा त्याच्याकडील माहिती जुनी असेल, तर सौदा मोडतो आणि पडदा काळा पडतो.

तेरजेची रीत

तेरीज जुळली नाही, तर मुरलेला मुनीम सारी वही नव्याने लिहीत नाही. फरक कोणत्या पानांत आहे ते तो आधी हेरतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे.

प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. केबल रिसीव्हरच्या ज्या खाचेत आहे, तोच इनपुट रिमोटवर निवडलेला आहे का? काही रिसीव्हरना टीव्हीसाठी दोन आउटपुट असतात; त्यांपैकी योग्य तो चालू आहे का? टीव्हीवरील इनपुट बरोबर आहे का?

नंतर तिन्ही यंत्रे बंद करून रिसीव्हर आणि टीव्हीचे प्लग दोन-तीन मिनिटे काढून ठेवावेत. मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर आणि शेवटी संगणक, या क्रमाने ती सुरू करावीत. तुटलेले बोलणे यामुळे पहिल्यापासून सुरू होते आणि बऱ्याच घरांतील तक्रार येथेच मिटते.

तरीही पडदा उजळला नाही, तर अडत्याला बाजूला ठेवावे. संगणकाची केबल काढून थेट टीव्हीला लावावी. चित्र आले, तर संगणक, टीव्ही आणि ती केबल निर्दोष ठरतात. शोध रिसीव्हर आणि दुसऱ्या केबलपुरता उरतो. चित्र आले नाही, तर रिसीव्हरवर ठपका ठेवण्याचे कारणच राहत नाही.

चित्र येते, पण बिनसते

माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर वेग तपासावा. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. ६० वेळा जाण्याची सोय २०१३ च्या २.० मध्ये आली. टीव्ही कितीही नवा असला, तरी साखळीचे बळ तिच्या कच्च्या कडीएवढेच. अशा वेळी १९२० बाय १०८० हे प्रमाण निवडावे. बाण सुरळीत फिरतो आणि अक्षरेही वाचनीय राहतात.

संगणकाचा पडदा दिसतो, पण चित्रपट लावताच काळोख होतो, तेव्हा केबलला दोष देऊ नये. नक्कल रोखणारी एचडीसीपी ही व्यवस्था साखळीतील प्रत्येक यंत्राकडे परवाना मागते. ४के चित्रपटांना साधारणतः तिची २.२ ही आवृत्ती लागते आणि जुन्या रिसीव्हरकडे ती नसते.

या दोन्ही अडचणींवर बिनखर्चाचा उपाय आहे. संगणक थेट टीव्हीला जोडावा आणि टीव्हीने आवाज रिसीव्हरला परत पाठवावा. दोन्ही यंत्रांच्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ असे लिहिलेले असेल, तर ही सोय त्यांत आहे. नसल्यास ऑप्टिकल केबल चालते.

न दिसणारा पडदा

याउलट प्रकार व्यापारी घरांत अधिक अडचणीचा ठरतो. केवळ आवाजासाठी रिसीव्हर जोडला, तरी संगणक त्याला दुसरा पडदा समजतो. टीव्ही बंद असताना एखादी खिडकी त्या अदृश्य पडद्यावर उघडते आणि शोधून सापडत नाही. विंडोज संगणकावर त्या खिडकीवर काम चालू असताना विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली, की ती परत येते.

परंतु टीव्ही चालू असेल आणि समोर पाहुणे बसले असतील, तर? उधारीची यादी, बँकेतील शिल्लक किंवा येणारा संदेश सर्वांसमोर उघडा पडतो. ज्याची उधारी थकली आहे तोच कदाचित सोफ्यावर बसलेला असतो. वर्षानुवर्षे जपलेला संबंध अशा एका क्षणात दुखावू शकतो. म्हणून हिशेब किंवा बँकेचे पान उघडण्यापूर्वी विंडोज आणि पी या कळा दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ हा पर्याय निवडण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी. त्यासरशी रिसीव्हरमधील आवाजही बहुधा थांबतो. तो बिघाड नव्हे.

अपरिग्रहाचा विचार आपण नेहमी दागिने, वस्त्रे आणि जागा यांच्या संदर्भात करतो. पण अर्ध्या तासाच्या शांत तपासणीने जे यंत्र पुन्हा कामाला लागले असते, ते टाकून नवे आणणे हाही परिग्रहच. टाकलेल्या यंत्राचा कचरा कुठे तरी मातीत आणि पाण्यात जाऊन सूक्ष्म जीवांना बाधतो, हेही विसरता येत नाही. पडदा काळा पडला, तर आधी वही तपासावी. बाजाराची वाट त्यानंतर.