पोटातले बाळ ऐकत असते



म्हैस व्याली की रेडकाला चाटून काढते. तासा-दोन तासांत ते धडपडत उभे राहते आणि सडाला लागते. आपल्या मुलाला उभे राहायला वर्ष लागते. तोवर कोणी उचलावे, पुसावे, उराशी धरावे, तेव्हाच ते जगते. माणसाला माणसाची ही गरज जन्मापासून असते. खरे म्हणजे त्याच्याही आधीपासून.

सहाव्या महिन्याच्या सुमारास पोटातल्या बाळाला ऐकू येऊ लागते. आईच्या काळजाचे ठोके, आतड्यांची गुरगुर, आणि त्यातून तिचे बोलणे. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर व फायफर या संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की टेपवर कधी आईचा, तर कधी परक्या बाईचा आवाज लागे. बहुतेक बाळे आईचा आवाज येईल अशाच लयीने चोखू लागली! १९८४ साली बापाच्या आवाजाचीही अशीच परीक्षा झाली. दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक बाळांना कळला, पण बापाच्या आवाजाची खास ओढ दिसली नाही. बापांनी वाईट वाटून घेऊ नये. आईचा आवाज तिच्या शरीरातूनच आत पोहोचतो, बापाचा बाहेरून. शिवाय आपले बाप घरात बोलतात तरी किती?

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. आईपाशी लेकीचा जीव निश्चिंत असतो. पण इकडे नवरा भाताच्या लावणीत अडकतो आणि पुष्कळदा बाप्तिस्म्याच्या सुमारासच बाळाला नीट पाहतो.

आणि सासरी असते तेव्हा? घरभेटीला गेलो की गरोदर सुनेच्या लोहाच्या गोळ्यांची चौकशी सगळे करताना दिसतात. ती करायलाच हवी. एका घरी मी तिला सहज विचारले, ‘‘बाळ, भीती वाटते का गं?’’ तर तिचे डोळे भरून आले. घरात सात माणसे, पण पाणी आण, वैरण टाक, यापलीकडे तिच्याशी दोन दिवसांत कोणी बोलले नव्हते. सासू वाईट नव्हती. तिच्या वेळीही तिला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

जन्मानंतर बापालाही करण्यासारखे पुष्कळ आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळांना ऊब मिळाली, अंगावरचे दूधही सुरू राहिले. आता आपल्याकडील दवाखान्यांतही ही पद्धत शिकवतात. आई थकली असेल तर बापाने सदरा काढून बाळ छातीवर घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाळंतीण दोन आठवड्यांहून अधिक उदास राहिली, रडत राहिली, बाळाकडेही पाहीनाशी झाली, तर ‘नजर लागली’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

हल्ली काहीजण बाळाला गाणी ऐकवायला मोबाइल पोटाशी लावतात. बायको माहेरी असेल तर रोज संध्याकाळी फोन करा, आणि तो तिच्या कानाशीच असू द्या.