जुनं इंजिन, नवा गिअरबॉक्स: बोल्ट जुळले म्हणजे काम झालं का?

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. पण गेल्या हिवाळ्यातले बरेच शनिवार मी अमेरिकेत आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये काढले. ते निवृत्त मशिनिस्ट आहेत आणि त्यांच्याकडे 1940 ची फोर्ड कूपे आहे, 'हॉट रॉड' केलेली. हॉट रॉड म्हणजे जुनी स्वस्त गाडी घ्यायची, नको ते काढून टाकायचं आणि इंजिन चढं करायचं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी 1930-40 च्या दशकात कोरड्या तलावांच्या सपाट तळावर अशा गाड्या पळवल्या आणि तिथून हा नाद पसरला.

या गाडीत फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-8 आहे. हे इंजिन 1932 मध्ये आलं. यात वाल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, म्हणून हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. आजोबांचं इंजिन 1949 नंतरचं, 3.9 लिटरचं, मूळ ताकद 100 हॉर्सपॉवर. त्यामागे तीन गिअरचा जुना बॉक्स होता. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबायच्या आत तो टाकला की कर्रर्र!

आजोबांना त्याजागी पाच गिअरचा बोर्ग-वॉर्नर टी-5 बसवायचा होता, 1980 च्या दशकातल्या मस्टँगचा. कशासाठी? हिशोब बघा. चाकाचा व्यास 28 इंच आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर 3.78 धरलं, तर ताशी 100 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 2820 फेरे घेतं. टी-5 च्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर 0.68 आहे, म्हणजे त्याच वेगाला फेरे उरतात 1920 च्या आसपास. फ्लॅटहेडमध्ये एग्झॉस्टचा रस्ता ब्लॉकच्या पोटातून जातो, म्हणून ते मुळातच लवकर तापतं. लांबच्या प्रवासात 900 फेरे कमी म्हणजे मोठा दिलासा. ताकदीची अडचण नाही. इंजिनाचा टॉर्क साधारण 245 न्यूटन-मीटर, आणि व्ही-8 मस्टँगचा टी-5 त्याहून बराच जास्त झेलतो.

टी-5 शेवरोलेच्या एस-10 पिकअपमध्येही येत असे, पण तिथे पहिला गिअर 4.03 चाही मिळतो. 3.78 च्या अ‍ॅक्सलबरोबर तो इतका छोटा पडतो की गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो. मस्टँगचा 3.35 बरा. फक्त मस्टँगची गिअरची दांडी फार मागे येते, जुन्या गाडीत सीटलाच अडते. म्हणून लोक मस्टँगच्या बॉक्सला एस-10 चा मागचा भाग लावतात. तसंच केलं.

आता जोडणी. जुन्या बेलहाऊसिंगची भोकं वेगळी, टी-5 ची वेगळी, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट. ती तयार मिळते. मला वाटलं, झालं! आमच्याकडे दोन सिस्टिम जोडताना अडॅप्टर लिहितो, तसंच. पण भोकं जुळणं हा करारातला एकच कलम निघाला.

क्लचच्या डिस्कमध्ये मी पहिल्यांदा फसलो. जुन्या फोर्डच्या शाफ्टला 10 दात, टी-5 च्या शाफ्टलाही 10. मी दात मोजून जुनी डिस्क चालेल म्हटलं. आजोबा हसले. जुना शाफ्ट 1 3/8 इंच जाड, नवा 1 1/16. डिस्क नवी आणावी लागली. शाफ्टचं टोक मात्र फुकटात जुळलं. फ्लॅटहेडचं पायलट बेअरिंग आतून 17 मिलिमीटर, आणि फोर्डच्या टी-5 चं टोक जेमतेम त्याच मापाचं. ते टोक बेअरिंगमध्ये नीट शिरलं पाहिजे, पण पुढे क्रँकला टेकता कामा नये. टेकलं तर बोल्ट आवळताना क्रँकच पुढे ढकलला जातो. प्लेटची जाडी यावरच ठरते.

त्यानंतर खरी परीक्षा. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत हवेत. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवलं, स्पार्क प्लग काढले, आणि हाताने क्रँक फिरवत प्लेटच्या मधल्या गोलाची आतली कड मोजली. पूर्ण फेऱ्यात काटा 0.13 मिलिमीटरहून जास्त हलू नये, असा रिवाज आहे. आमचा हलला 0.36. म्हणजे केंद्र त्याच्या निम्म्याने, 0.18 ने सरकलेलं. डोळ्याला काहीच दिसत नाही. मी म्हटलं, "आजोबा, केसाएवढाच तर फरक आहे, आवळून टाकू." ते म्हणाले, "आवळ. मग सहा महिन्यांनी बेअरिंग बदलायला तूच खाली झोप."

बेलहाऊसिंगच्या तोंडावर जुन्या रंगाचा थर आणि एक उठलेला टवका होता. ते साफ केल्यावर 0.23 झालं. मग प्लेटची भोकं किंचित मोठी केली, गेज बघत प्लेट हलकेच ठोकून केंद्रावर आणली, बोल्ट आवळले आणि दोन डॉवेल पिनांसाठी आरपार भोकं पाडली. बोल्ट दाबून धरतो, जागा राखतो तो डॉवेल. शेवटचा आकडा 0.10.

एवढं होऊनही गाडी चालली नसती. 1948 पर्यंतच्या फोर्डमध्ये मागचा शाफ्ट एका बंद नळीत असतो, तिचं नाव टॉर्क ट्यूब. चाकं गाडीला ढकलतात तो सगळा जोर या नळीतून गिअरबॉक्सच्या पाठीवर येतो. टी-5 त्यासाठी बनलेलाच नाही. म्हणून मागचा अ‍ॅक्सल बदलून पाट्यांच्या स्प्रिंगवर घेतला, उघडा शाफ्ट टाकला. आणि पेडल! ब्रेक आणि क्लचच्या पेडलचा सांगाडा जुन्या गिअरबॉक्सलाच बोल्टने बांधलेला होता. बॉक्स उतरवला तसे ब्रेकचे पेडलही हातात आले. त्यासाठी चेसिसला वेगळा ब्रॅकेट वेल्ड केला. या कामात घाई करायची नाही, असं आजोबांनी मला दोनदा बजावलं.

रविवारी चार मैल फिरायचं असेल तर जुना तीन गिअरचा बॉक्स पुरेसा आहे, असं माझं मत. हायवेवर न्यायची असेल तरच हा खटाटोप करा, आणि बजेट धरताना अ‍ॅक्सल व पेडलही धरा.

मार्चमध्ये पहिली फेरी मारली. क्लच दाबल्यावर आवाज नाही, पाचवा गिअर सुटत नाही. स्पीडोमीटर मात्र खोटं बोलतोय, खऱ्यापेक्षा बराच जास्त वेग दाखवतो. बॉक्समधला प्लास्टिकचा छोटा गिअर वेगळ्या दातांचा मागवलाय.