'या, आत या' म्हणणारी मातीची मांजर



शहरातल्या एखाद्या दुकानात गल्ल्याशेजारी सोनेरी रंगाची, पंजा हलवणारी प्लॅस्टिकची मांजर तुम्ही पाहिली असेल. पुष्कळांना ती चिनी वाटते. पण तिचं माहेर जपान. आणि मुळात ती मातीची, कुंभाराच्या हातची. आज तिचीच माहिती घेऊ या.

जपानी भाषेत तिला 'मानेकी-नेको' म्हणतात. नेको म्हणजे मांजर आणि मानेकी म्हणजे बोलावणं. जपानी माणसं कोणाला बोलावताना आपल्यासारखाच तळहात खाली करून बोटं हलवतात. मांजरीचा पंजा तेच सांगतो : या, आत या. डावा पंजा वर असेल तर ती गिऱ्हाइकाला बोलावते आणि उजवा असेल तर पैशाला, असा तिथला समज आहे.

आपल्याकडे मांजर आडवी गेली की काही जण थबकतात. मग तिथे ती शुभ कशी? जपानमध्ये घरोघरी रेशमाचे किडे पाळत. त्या किड्यांना उंदरांपासून राखायची ती मांजरच. शिवाय मांजर पंजाने तोंड पुसू लागली की पाहुणे येतात, अशीही जुनी समजूत होती. म्हणजे शुभ-अशुभ मांजरीत नसतं, तिच्याकडे बघणाऱ्या माणसांत असतं.

आता एक जुनी गोष्ट. आजच्या टोकियोला पूर्वी एदो म्हणत. तिथल्या आसाकुसा भागात एक गरीब म्हातारी राहत होती. पोट भरेना, म्हणून तिला आपली लाडकी मांजर सोडून द्यावी लागली. मांजर स्वप्नात आली आणि म्हणाली, "माझी मूर्ती कर, तुझं भलं होईल." एदोच्या एका जुन्या बखरीत १८५२ सालाखाली ही गोष्ट नोंदलेली आहे. स्वप्नाचं खरंखोटं कोण सांगणार? पण अशा मातीच्या मांजरी तेव्हा खरोखर विकल्या जात. हिरोशिगे या नावाजलेल्या चित्रकाराच्या त्याच वर्षीच्या चित्रात त्यांचं दुकान दिसतं.

आज मातीच्या मांजरींसाठी सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे आइची प्रांतातलं तोकोनामे. जपानमधल्या सहा प्राचीन भट्ट्यांच्या गावांपैकी ते एक. तिथे रांजण झाले, सांडपाण्याचे मातीचे पाइप झाले, चहाच्या लाल किटल्या झाल्या. १९५०च्या सुमारास तिथल्या मांजरीला आजचं रूप आलं : गुबगुबीत अंग, मोठे डोळे आणि हातात 'कोबान' हे जुनं सोन्याचं नाणं. खरं कोबान एका र्‍योचं असे. मांजरीच्या नाण्यावर मात्र चक्क एक कोटी र्‍यो लिहितात!

ती घडते कशी, तेही बघू. माती पाण्यात कालवून खिरीसारखी पातळ करतात आणि प्लॅस्टरच्या साच्यात ओततात. प्लॅस्टर पाणी शोषून घेतं आणि साच्याला आतून मातीचा थर धरतो. थर पुरेसा जाड झाला की उरलेली पातळ माती ओतून काढतात. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राहते, माती कमी लागते आणि वजनही कमी भरतं. मग साचा उघडायचा, सांध्याच्या रेघा खरवडून ओल्या स्पंजने पुसायच्या, मूर्ती वाळवायची, भाजायची आणि रंगवायची. आतली हवा बाहेर पडावी म्हणून एक भोक ठेवतात.

मग अशी मांजर ठेवली की गल्ला भरतो का? याचं उत्तर टोकियोच्या गोतोकुजी देवळात मिळतं. एका मांजरीने पंजा हलवून सरदाराला देवळात बोलावलं आणि तो वादळातून वाचला, अशी तिथली आख्यायिका आहे. नवस फेडायला लोक तिथे शेकडो पांढऱ्या मांजरी ठेवतात. पण त्यांच्या हातात नाणं नसतं. देवळातली माणसं सांगतात, मांजर फक्त संधी आणून देते, तिचं सोनं करायचं ते माणसानेच.

मैत्रिणींनो, आपल्या गटांनाही हे लागू पडतं. पापड असोत, मसाले असोत की गोधड्या, गिऱ्हाईक एकदा दारात येईल ते कुणाच्या तरी बोलावण्याने. दुसऱ्यांदा येईल ते मालाच्या चवीने, चोख वजनाने आणि आपल्या गोड बोलण्याने. कुणी शंभर रुपयांची मांजर 'भरभराट होईल' म्हणून गळ्यात मारत असेल, तर आवडली म्हणून जरूर घ्या. पण भरभराटीसाठी घेऊ नका.