विश्लेषण : जुन्या पिकअपखाली नवी चेसिस, मग ट्रक कोणत्या वर्षाचा?

सत्तर वर्षांपूर्वीच्या पिकअप ट्रकची केबिन उचलायची आणि अलीकडच्या ट्रकच्या चेसिसवर बसवायची, हा अमेरिकेतील हौशी गॅरेजवाल्यांचा आवडता उद्योग. ट्रक दिसतो जुना, चालतो नव्यासारखा. पण कायद्याच्या लेखी तो जुना की नवा? आणि भारतात असे करता येते का?

चेसिस बदलण्याची गरज काय?

शेव्हरोलेची १९४७ ते १९५५ दरम्यानची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका या छंदात विशेष लोकप्रिय आहे. गोलसर बॉनेट आणि फुगीर मडगार्ड ही तिची ओळख. पण या ट्रकना पुढे अखंड अ‍ॅक्सल, पाट्यांचे सस्पेन्शन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. सुरुवातीच्या ट्रकमधील सहा सिलिंडरचे इंजिन जेमतेम ९० अश्वशक्तीचे. शेतमाल वाहायला ते पुरेसे होते, आजच्या महामार्गावरील वेगाला नाही. त्याच कंपनीच्या १९८२ ते २००४ दरम्यान विकल्या गेलेल्या एस-१० या छोट्या पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक मिळतात. असा एक ट्रक घेतला की इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक एकत्रच हाती येतात.

केबिन दुसऱ्या चेसिसवर बसते कशी?

बहुतेक आधुनिक मोटारींत बॉडी हाच सांगाडा असतो. पिकअपमध्ये मात्र शिडीसारखी चेसिस वेगळी आणि केबिन, हौदा वेगळे. बोल्ट काढले की ते सुटे होतात. दुसरा मुद्दा पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतराचा. अर्ध्या टनाच्या जुन्या शेव्हरोलेत ते ११६ इंच आहे, तर लांब हौद्याच्या एस-१० मध्ये ११७.९ इंच. दोन इंचांहून कमी फरक असल्याने ही जोडी जमते.

मग अवघड काय आहे?

चाके मडगार्डच्या बरोबर मध्यभागी येण्यासाठी तो फरकही मिटवावा लागतो. एस-१० ची चाके जुन्या रुंद मडगार्डखाली आत गेल्यासारखी दिसतात, त्यामुळे वेगळी रिम किंवा स्पेसर लागतात. केबिन टेकवण्याचे आधार नव्याने बनवावे लागतात. स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेक पेडल यांची जागा जुळवावी लागते. मूळ ट्रकमधील सहा व्होल्टची वीजव्यवस्था बारा व्होल्टवर न्यावी लागते. यात वेल्डिंगचा एखादा सांधा कच्चा राहिला, तर धोका चालकापुरता मर्यादित राहत नाही.

नोंदणी कोणत्या ट्रकची?

खरी गुंतागुंत इथे आहे. जुन्या शेव्हरोलेची क्रमांकपट्टी केबिनच्या दरवाजाच्या चौकटीवर असते. खालची चेसिस मात्र दुसऱ्याच ट्रकची. अमेरिकेत नोंदणी राज्यांच्या अखत्यारीत असल्याने नियम सर्वत्र सारखे नाहीत. अनेक राज्ये अशा वाहनाची तपासणी करून ‘जुळणी केलेले’ किंवा ‘विशेष बांधणीचे’ अशी नोंद करतात. वाहनाचा ओळख क्रमांक जाणूनबुजून काढणे वा बदलणे हा मात्र संघीय गुन्हा असून, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणूनच जाणकार दोन्ही वाहनांची मालकीची कागदपत्रे सांभाळून ठेवतात आणि काम सुरू करण्यापूर्वी राज्याच्या नोंदणी कार्यालयात चौकशी करतात.

भारतात हे शक्य आहे का?

जवळजवळ नाहीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, खासगी वापरातील दुचाकी-चारचाकींना २० हजार रुपये शुल्कात दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. अट एकच आणि ती कडक : वाहन मूळ स्वरूपात हवे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसारख्या कारणांपुरतीच मुभा आहे.

थोडक्यात, वाड्यामागे किंवा शेतावर आजोबांचा ट्रक गंजत उभा असेल, तर त्याची गंजलेली मूळ चेसिसच सर्वांत मोलाची. ती दुरुस्त करता येते. भंगारात गेली, तर त्या ट्रकचे मूळ स्वरूपही तिच्यासोबत जाते.