फटक्याआधीचे काही क्षण

७ ऑगस्ट २०२१. टोकिओ ऑलिंपिकमधील महिलांच्या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. भारताच्या अदिती अशोकने चार दिवसांत मिळून २६९ फटके घेतले आणि ती चौथी आली. रौप्य व कांस्य पदके मिळवणाऱ्या दोघींचे फटके होते प्रत्येकी २६८! ज्या खेळात एका फटक्याने पदक हुकते, त्यात प्रत्येक फटक्याला मन जागेवर असावे लागते. पण गोल्फची एक फेरी सुमारे चार तास चालते. परीक्षेच्या तीन तासांत आपले मन किती वेळा खिडकीबाहेर जाऊन येते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग गोल्फच्या खेळाडूला हे कसे साधते?

प्रथम थोडे गणित करू. गोल्फचा चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटर व्यासाचा आणि ज्या खळग्यात तो घालायचा, त्याचा व्यास १०८ मिलिमीटर. समजा, चेंडू खळग्यापासून ३ मीटरवर आहे. तो हळू आला तरी त्याचा मध्य खळग्याच्या मध्यापासून ५४ मिलिमीटरच्या आत यायला हवा. ५४ भागिले ३००० म्हणजे ०.०१८. हा स्पर्शक एक अंशाच्या कोनाचा आहे. म्हणजे दिशा एक अंशापेक्षा जास्त चुकली, की चेंडू बाहेर!

आता वेळ पाहू. लांबच्या फटक्यात काठी वरून खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि काठी व चेंडू यांचा स्पर्श सुमारे एका सेकंदाचा दोन हजारावा भागच टिकतो. आपला मेंदू किती चपळ आहे? करून पाहा. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी तुमची दोन बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी साधारण २० सेंटिमीटर घसरलेली असेल. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राने हा काळ सुमारे ०.२ सेकंद येतो. म्हणजे फटक्यात चूक होते आहे हे मेंदूला कळून हात सावरेपर्यंत चेंडू उडालेलाही असतो! तेव्हा जे काही ठरवायचे, ते काठी हलण्यापूर्वीच ठरवले पाहिजे.

येथेच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. फेरीत ८० फटके धरले आणि प्रत्येकाच्या तयारीला ४० सेकंद दिले, तरी तासापेक्षा कमी वेळ होतो. उरलेले तीन तास चालण्याचे आणि थांबण्याचे. जाणता खेळाडू तेवढा वेळ मन सैल सोडतो, सोबत्याशी बोलतो, झाडे पाहतो. चेंडूपाशी आला की मात्र ठरलेला क्रम सुरू होतो: अंतराचा व वाऱ्याचा अंदाज, काठीची निवड, दिशा, एक संथ श्वास आणि फटका. हा क्रम नेहमी सारखाच ठेवला, म्हणजे मनाला नेमकी कधी जागे व्हायचे याची सवय लागते.

क्रम मोडला तर? १९७० साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपन स्पर्धा होती. शेवटच्या खळग्यापाशी अमेरिकेच्या डग सँडर्सचा चेंडू अवघा तीन फुटांच्या आसपास होता. तो आत गेला की विजेतेपद त्याचे. आपल्या गणिताप्रमाणे इतक्या जवळून तीन अंशांहून अधिक चूक चालली असती. फटक्यासाठी वाकल्यावर त्याला वाटेत कसलासा कण दिसला. तो काढायला त्याने हात पुढे केला आणि बाजूला होऊन नव्याने सुरुवात न करता तसाच फटका मारला. चेंडू चुकला. बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या लढतीत जॅक निक्लॉसने त्याला एका फटक्याने हरवले. सँडर्सला मोठ्या चार स्पर्धांपैकी एकही कधीच जिंकता आली नाही.

मग हातांकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे काय? गंमत म्हणजे, उलटेच दिसते. सायन बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अनुभवी खेळाडूंवर प्रयोग केला. एकदा त्यांना फटका मारताना कानावर पडणाऱ्या सुरांकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि एकदा स्वतःच्याच हालचालीकडे. हालचालीकडे लक्ष दिल्यावर नेम अधिक बिघडला! आई भाकरी भराभर थापते. पण ‘कोणते बोट आधी टेकवतेस?’ असे विचारा, की तिचाही हात अडखळतो. शिकाऊ माणसाला हालचालीकडे पाहावेच लागते. मुरलेल्या हाताला मात्र ती लुडबुड ठरते.

तर लक्ष द्यायचे कोठे? कॅनडातील जोन व्हिकर्स यांनी नजरेची हालचाल टिपणारे उपकरण वापरून गोल्फपटू पाहिले. त्यांचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. निपुण खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी आणि फटका मारताना चेंडूवर अधिक वेळ स्थिर राहत होती. कमी निपुण खेळाडूंची इकडेतिकडे फिरत होती.

तुम्हीही हे घरी तपासू शकता. जमिनीवर खडूने ११ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. तीन मीटरवरून रबरी चेंडू त्यावरून जाईल असा २० वेळा घरंगळत सोडा. मग पुन्हा २० वेळा. पण आता प्रत्येक वेळी दोन सेकंद नजर वर्तुळावर स्थिर ठेवून. यशस्वी फटके मोजा. मात्र सावध! दुसऱ्या वेळचा फरक नुसत्या सरावाचाही असू शकेल. म्हणून मित्राला हाच प्रयोग उलट क्रमाने करायला लावा आणि मगच निष्कर्ष काढा.