जुना ट्रक? आधी नाक बघा

तुमसर म्हणजे तांदूळ आणि डोंगरी बुजुर्ग-चिखल्याचं मँगनीज. ओझं वाहणाऱ्या गाडीचं मोल इथे कुणाला समजावावं लागत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी मात्र ‘व्हिंटेज’चा मान पन्नाशी ओलांडलेल्या दुचाकींना आणि खासगी मोटारींनाच दिला, त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. आयुष्यभर राबलेला ट्रक त्यातून वगळला, हे मनाला लागतं.

तरीही जुन्या गाड्यांच्या एखाद्या प्रदर्शनात लांब नाकाचा टाटा ट्रक दिसला, तर जाळीवरची खूण निरखा. जमशेदपूरला १९५४ पासून डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने बनलेल्या ट्रकांवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला.