यंत्राची मराठी शिकवणी

मुंबईच्या उपनगरांत अंधेरीच्या पूर्वेस मरोळ हे एक जुने गाव आहे. आज तेथे कारखाने, कचेऱ्या आणि मेट्रोचे स्थानक आहे. तरी मूळचे गावठाण अजून ओळखू येते, आणि शेजारच्या सीप्झच्या आवारात सोळाव्या शतकातील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे भग्नावशेष उभे आहेत. मरोळहून ईशान्येकडे निघाले, की थोड्याच वेळात पवईचा तलाव लागतो. पवई आणि विहार या दोन तलावांच्या मधल्या झाडीत मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था वसली आहे. १९५८ साली ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिला स्वतःची इमारतही नव्हती; वरळीच्या एका इमारतीत तिचे वर्ग भरत. पुढच्याच वर्षी, १९५९ च्या मार्च महिन्यात, पंडित नेहरूंनी पवईला तिची कोनशिला बसवली.

पूल कसा बांधावा, धातू कसा गाळावा, वीज कशी वाहून न्यावी, अशा अनेक विद्या या संस्थेत शिकवतात. परंतु आज आपण जी हकीकत वाचणार आहोत, ती निराळीच आहे. गेली पंचवीस वर्षे तेथील संगणकशास्त्र विभागात एका विलक्षण विद्यार्थ्याची शिकवणी चालू आहे. हा विद्यार्थी म्हणजे यंत्र, आणि विषय म्हणजे हिंदी, मराठी व इतर भारतीय भाषा.

यंत्राला विचार करता येईल काय, हा प्रश्न इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० साली एका निबंधात विचारला. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही संशोधक जमले, आणि तेव्हापासून या विषयाला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ झाले. मुंबईही या कामात फार मागे नव्हती. येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन आणि त्यांचे सहकारी यांनी स्वतःच्या आराखड्यानुसार एक मोठे गणकयंत्र बांधले. ते १९६० साली चालू झाले, आणि १९६२ साली नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्या अवाढव्य यंत्राच्या स्मृतीत एका वेळी केवळ २०४८ संख्या मावत! नरसिंहन मात्र आकडेमोडीवर थांबले नाहीत. यंत्राला चित्र कसे ओळखता येईल, लहान मूल भाषा कशी आत्मसात करते, अशा प्रश्नांचा त्यांनी पुढे दीर्घकाळ पाठपुरावा केला.

मूल भाषा कसे शिकते, हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मूल ‘पान’ हा शब्द शिकते, तेव्हा बहुधा त्याच्या हातात पान असते. ते त्याला चुरगाळते, त्याचा वास घेते, प्रसंगी तोंडातही घालते. यंत्राला हात नाहीत, नाक नाही, जीभ नाही. त्याच्यापुढे असतात ती केवळ अक्षरे, आणि तीही त्याच्या पोटात संख्यांच्या रूपाने साठवलेली. आता पुढील चार वाक्ये वाचा. झाडाचे पान गळले. पुस्तकाचे पान फाटले. आजोबांनी पान खाल्ले. पाहुण्यांसाठी पान मांडले. चारही ठिकाणी शब्द एकच. अर्थ मात्र चार. तुम्हांला त्यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. यंत्राला मात्र तो समजावून सांगावा लागतो; कारण पुस्तकाचे पान कोणी खात नाही, हे त्याला ठाऊक नसते.

ही अडचण दूर करण्याचे काम पवईला २००० साली स्थापन झालेल्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने अंगावर घेतले. प्रा. पुष्पक भट्टाचार्य हे या कामाचे धुरीण. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ साली इंग्रजी शब्दांचे एक प्रचंड जाळे विणण्यास आरंभ केला होता. त्याच धर्तीवर पवईत प्रथम हिंदी शब्दांचे जाळे तयार झाले, आणि त्याच्या आधारे मराठीचे. मराठीच्या या जाळ्याला ‘शब्दबंध’ असे सुरेख नाव मिळाले आहे.

शब्दबंध हा नेहमीचा शब्दकोश नव्हे. शब्दकोशात शब्द अक्षरांच्या क्रमाने लावलेले असतात. शब्दबंधात ते अर्थाच्या नात्याने बांधलेले असतात. पाणी, जल, नीर, उदक हे शब्द अक्षरानुक्रमाने एकमेकांपासून दूर पडतात. येथे ते एकाच घरात राहतात. प्रत्येक घराला एक क्रमांक असतो, अर्थ सांगणारी एक व्याख्या असते आणि एक नमुन्याचे वाक्य असते. मग घरे घरांशी जोडली जातात. कावळा हा पक्षी, पक्षी हा प्राणी, प्राणी हा सजीव. पान हा झाडाचा भाग. तेच दुसऱ्या अर्थी पुस्तकाचाही भाग. म्हणून ‘पान’ या शब्दाला एक घर पुरत नाही. त्याला अनेक घरांत बिऱ्हाड करावे लागते. वाक्यात शेजारी ‘झाड’, ‘गळणे’ असे शब्द दिसले, की त्यांतील कोणते घर जवळचे, याचा यंत्र अंदाज बांधते. आपल्याकडे अमरसिंहाने शब्दांची अशी विषयवार मांडणी ‘अमरकोशा’त शेकडो वर्षांपूर्वी केली होती. जुन्या पाठशाळांतील मुले तो कोश मुखोद्गत करीत. आता यंत्राला तसाच एक कोश पाठ करावयास दिला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हे शब्दबंध यंत्राने विणलेले नाहीत. भाषेच्या अभ्यासकांनी एकेक अर्थ समोर घेऊन, त्यावर वाद घालून, वर्षानुवर्षे ते घडवले आहेत.

पुढे देशातील निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या भाषेची जाळी तयार करून ती एकमेकांशी जोडली. अशा रीतीने १८ भारतीय भाषांचे एक मोठे जाळे सिद्ध झाले. याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. एक उदाहरण घ्या. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आणि मराठीत शिक्षा म्हणजे काय, ते तुम्हांला मी सांगावयास नको! हिंदीतील ‘शिक्षा का अधिकार’ या शब्दांचे भाषांतर भोळ्या यंत्राने ‘शिक्षेचा अधिकार’ असे केले, तर तो अधिकार मागावयास कोणता विद्यार्थी पुढे येईल? परंतु हिंदी ‘शिक्षा’ आणि मराठी ‘शिक्षण’ यांच्या घरांचा क्रमांक एकच असेल, तर यंत्र फसत नाही. ते शब्दावरून शब्दाकडे न जाता अर्थावरून अर्थाकडे जाते.

अर्थाची गाठ सुटली, तरी रूपाची राहतेच. सामान्यरूपांचे नियम पाठ करताना तुम्ही कुरकुरत असाल. घोडा या शब्दाचे ‘घोड्याने’ होते. मग राजा या शब्दाचे ‘राज्याने’ का होत नाही? भाऊ असतो, पण खाऊ दिला तो ‘भावाने’. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द पाहा. मूळ शब्द घर. त्याचे सामान्यरूप घरा. त्याला ‘त’ लागला, मग ‘ल्या’, मग ‘ना’, आणि शेवटी ‘सुद्धा’. इंग्रजीत एवढे सांगावयास पाच-सहा सुटे शब्द लागतात. मराठी मात्र आगगाडीच्या डब्यांप्रमाणे प्रत्ययामागे प्रत्यय जोडीत जाते. हे डबे सोडवून इंजिन कोणते ते ओळखण्याची रीत पवईच्या अभ्यासकांनी यंत्राला शिकवली. व्याकरण हा केवळ परीक्षेचा विषय आहे, असे समजणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

या कामाची कीर्ती दूरवर पोहोचली. संगणक आणि भाषा यांचा एकत्र विचार करणाऱ्या विद्वानांची एक जागतिक परिषद १९६५ साली न्यूयॉर्कला सुरू झाली. २०१२ च्या डिसेंबरात ती पवईला भरली. २०१६ साली प्रा. भट्टाचार्य या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले.

दरम्यान शिकवण्याची पद्धतच पालटली. यंत्राला नियम सांगण्याऐवजी त्याच्यापुढे उदाहरणांचे डोंगर ठेवावेत, म्हणजे नियम ते आपोआप हेरते, असे दिसून आले. ‘आईने गरमागरम ... वाढली’ या वाक्यातील गाळलेली जागा भरा पाहू. तुम्ही पोळी म्हणाल, भाकरी म्हणाल, खिचडी म्हणाल. परंतु भात म्हणणार नाही, कारण पुढे ‘वाढली’ आहे. यंत्रही कोट्यवधी वाक्यांतील अशा गाळलेल्या जागा भरीत बसते. उत्तर चुकले, की ते आपल्या पोटातील संख्या किंचित बदलते आणि पुन्हा प्रयत्न करते. भाषांतर शिकवण्यासाठी त्याला एकाच अर्थाच्या दोन भाषांतील वाक्यांच्या जोड्या द्याव्या लागतात. इंग्रजी आणि हिंदी वाक्यांच्या अशा सुमारे १५ लाख जोड्या पवईच्या संशोधकांनी गोळा केल्या, आणि २०१८ साली त्यांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला.

येथेच मराठीची खरी अडचण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. तरी यंत्राला वाचता येईल असा मजकूर इंग्रजीत अफाट आणि मराठीत त्या मानाने फारच थोडा आहे. त्यामुळे यंत्राचे मराठी अनेकदा परक्या वळणाचे होते. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत भेद नसल्यामुळे, बोलणारी मुलगी असली तरी ते तिला ‘गेलो’ म्हणावयास लावते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील पायऱ्या त्याला नीट उमगत नाहीत. मुख्याध्यापकांनाही ते बेधडक ‘तू कुठे आहेस?’ असे विचारील. एखादी गोष्ट ठाऊक नसली, तरी ते कित्येकदा मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर ठोकून देते, हा आणखी एक दोष.

मग हा खटाटोप कशासाठी? मराठी शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी कितीतरी मुले अभियांत्रिकी महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच वर्षी खचून जातात. त्यांना विषय अवघड नसतो. इंग्रजी पुस्तक अवघड असते. अशा मुलांसाठी प्रा. गणेश रामकृष्णन यांच्या पुढाकाराने २०२१ साली पवईत ‘उडान’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात अभियांत्रिकीच्या इंग्रजी ग्रंथांचा हिंदी आणि अन्य भारतीय भाषांतील कच्चा अनुवाद यंत्र करते, आणि मग त्या विषयाचे व भाषेचे जाणकार तो तपासून दुरुस्त करतात. ही व्यवस्था मला योग्य वाटते. ओझे यंत्राने वाहावे. वाट माणसाने दाखवावी. २०२४ साली केंद्र सरकारच्या साहाय्याने ‘भारतजेन’ या नावाचा आणखी मोठा उपक्रम सुरू झाला. भारतीय भाषांत लिहिणारी, बोलणारी आणि चित्रे समजणारी यंत्रबुद्धी आपल्याच देशात घडवावी, हा त्याचा हेतू असून देशातील अनेक संस्थांच्या सहकार्याने चाललेल्या या कामाचे नेतृत्व पवईच्या संस्थेकडे आहे.

हे सारे पुस्तकी मराठीविषयी झाले. परंतु मराठी म्हणजे केवळ पुस्तकात छापलेली भाषा नव्हे. मरोळच्या गावठाणातील ईस्ट इंडियन कुटुंबे घरात मराठीची स्वतःची वेगळी बोली बोलतात. कोळी, आगरी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी अशा आणखी कितीतरी बोली आहेत. त्यांचे लेखन थोडे; म्हणून यंत्राला त्यांचे शिक्षण जवळजवळ मिळतच नाही. एखाद्या म्हातारीने आपल्या बोलीत औषधाविषयी काही विचारले, तर ते गोंधळून जाते. पवईपासून मरोळ काही किलोमीटरांवर आहे. बोली आणि यंत्र यांतले अंतर मात्र अजून पुष्कळ आहे. ते कमी करण्यासाठी प्रथम माणसांनी माणसांचे बोलणे ऐकावयास हवे. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी हे काम हाती घेतले आहे. त्यांचे अभ्यासक महाराष्ट्रात गावोगाव जातात, वस्तूंना आणि नात्यांना तेथे काय म्हणतात ते विचारतात, लोकांनी आपल्या बोलीत सांगितलेल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करतात, आणि तो सारा संग्रह सर्वांना ऐकता येईल असा खुला ठेवतात.